केवडा थोडा कमी

दूध करपल्याचा वास न्हाणीघरापर्यंत आला, तशी हेमा ओले केस तसेच बांधून स्वयंपाकघरात धावली. पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि शेगडीकडे पाठ करून, अगदी हाताच्या अंतरावर, दीनानाथ पेपर वाचत बसले होते.

“अहो, वास नाही आला?”

“पेपरात लक्ष होतं,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

हेमानं गॅस बंद केला. पातेलं घासताना मात्र तिच्या मनात काहीतरी खुपत राहिलं. हा माणूस शेजारून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या रुमालावरून अत्तर किती जुनं आहे ते सांगायचा. त्याला करपलेलं दूध कळू नये?

खळदकरांचं अत्तराचं दुकान रविवार पेठेत दीनानाथांच्या वडिलांनी, आप्पांनी, काढलं होतं. त्या काळी लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावल्याशिवाय कुणी पंगतीला बसत नसे, आणि ते अत्तर बहुतेक वेळा आप्पांकडचं असे. पुढे परदेशी फवाऱ्याच्या बाटल्या आल्या. कानात अत्तराचा फाया ठेवणारी पिढी म्हातारी झाली. आप्पा रडत बसले नाहीत. वाघोलीला तेव्हा नुसती शेतं होती, तिथे त्यांनी एक पत्र्याची शेड घेतली आणि साबण करायला सुरुवात केली. खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचं घोटलेलं मिश्रण, त्यात चंदन आणि केवड्याचं घरचं अत्तर. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला खळदकरांची वडी हवीच, असं म्हणणारी घरं पेठांमधून अजूनही होती. आता त्या शेडच्या चारी बाजूंना उंच इमारती झाल्या होत्या, पण साबण तिथेच व्हायचा.

आप्पांचा एक नियम होता. दुकानामागच्या खोलीत, जिथे अत्तरं मिसळली जात, तिथे एकाच माणसानं जायचं. दोन नाकं आली की भांडण येतं, असं ते म्हणत. आप्पांनंतर ती खोली दीनानाथांची झाली. हेमा लग्न होऊन आल्यापासून बाहेर गल्ल्यावर होती. वड्या कागदात गुंडाळणं, बाटल्या भरणं, गिऱ्हाइकांशी बोलणं, हे तिचं काम.

जूनमध्ये दीनानाथांना मोठा ताप येऊन गेला होता. श्रावणात सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका, लिमयेबाई, वडी परत घेऊन आल्या.

“हेमाताई, हा साबण आहे की केवड्याचं बन? अंघोळ करून बाहेर आले तर आमचे हे शिंकायला लागले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे त्यांचं इतकं लक्ष गेलं, ते सोडा.”

हेमानं वडी हुंगली. बाईंचं खरं होतं. तिनं ती ठेवून घेतली, दुसरा साबण दिला आणि बाई गेल्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा मागच्या खोलीत शिरली. दीनानाथ एक कुपी नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी कुपी खाली ठेवली.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“तापानंतर,” ते म्हणाले. “काहीच येत नाही. वाटलं होतं, येईल परत. डॉक्टरही म्हणाले, वाट बघा. मी आपला आठवणीनं मिसळत होतो.”

“मला नाही सांगितलंत.”

“काय सांगू? खळदकरांचं नाक गेलं म्हणून?” हेमा त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी हिंजवडीहून त्यांचा मुलगा केदार आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बाबा, आता बंद करू या ना. जागा भाड्यानं द्या. तुम्ही दोघांनी खूप केलं. आय मीन, कुणासाठी चालवायचं?”

दीनानाथांनी मान डोलावली. ते नाही म्हणाले नाहीत, याचंच हेमाला वाईट वाटलं.

“दिवाळीपर्यंत थांबू,” ती म्हणाली. “नाक माझं, अक्कल तुझ्या बाबांची. बघू जमतंय का.”

दुसऱ्या दिवसापासून दोन माणसं मागच्या खोलीत बसू लागली. दीनानाथ कुपी पुढे करत.

“कसा येतोय वास?”

“चांगला.”

“चांगला वास पेढ्यालाही असतो. नीट सांग.”

हेमा चिडे, मग डोळे मिटून शोधे. वाळा म्हणजे नव्या माठातलं पाणी. एक चंदन आजोळच्या देवघरासारखं, दुसरं नुसतं पेन्सिलीच्या भुशासारखं. दीनानाथ ऐकत आणि म्हणत, “भुसा म्हणतेस ना, मग ते हलकं. बाजूला ठेव.” तिच्या शब्दांवरून त्यांना वास दिसू लागला. कधीकधी तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ते ओळखून हसत.

पहिला घाणा बिघडला. हेमानं हौसेनं लिंबू घातलं होतं. वड्या वाळल्या तेव्हा त्याचा मागमूस उरला नव्हता.

“कॉस्टिक लिंबू खाऊन टाकतं,” दीनानाथ ओशाळून म्हणाले. “सांगायचं राहिलं. मला इतकं ठाऊक आहे, की ते सांगावं लागतं हेच ठाऊक नाही.”

दुसऱ्या वेळी ते जुन्या मापानं केवडा ओतायला निघाले, तेव्हा हेमानं त्यांचा हात धरला.

“एवढा नको.”

“आप्पांचं माप आहे.”

“असू दे. लग्न झाल्यापासून या केवड्यानं माझं डोकं दुखतंय.”

दीनानाथ तिच्याकडे बघतच राहिले. “मग बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी?”

मग त्यांनी केवड्याची बाटली तिच्याच हातात दिली. “घाल, तुला हवा तेवढा.”

तिनं केवडा थोडा घातला, वाळा वाढवला आणि देवघराचं चंदन घेतलं. दोघं मिळून वाघोलीला गेली. मिश्रण दाट झाल्यावर तिनं स्वतः अत्तर ओतलं, साच्यांवर गोणपाट घातलं. वड्या महिनाभर वाळल्या. दसऱ्यानंतर दुकानात आल्या.

लिमयेबाईंनी वडी नाकाशी धरली, दोनदा फिरवली. “हा तुमचा नेहमीचा नाही.”

“नाही,” हेमा म्हणाली.

“वाईट नाही,” बाई म्हणाल्या. सदाशिव पेठेतून आलेल्या माणसानं एवढं म्हणणं म्हणजे जवळजवळ सत्कारच. “सहा द्या. लेकीलाही पाठवते.”

दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फळ्या रिकाम्या झाल्या. सगळ्यांना तो आवडला असं नव्हे. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं आप्पांचं नाव काढून कुरकुरत गेली. पण केदारनं आपल्या ऑफिसात वाटायला म्हणून नेलेल्या वड्यांनंतर तिथल्या मुलींचे फोन येऊ लागले, आणि भाड्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दीनानाथांचं नाक परतलं नाही. मकर संक्रांतीच्या सुमारास एकदा त्यांना वाटलं, कापराचं काहीतरी जाणवलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण असेल, घाई करू नका. ते घाई करत नव्हते. सकाळी ते गल्ल्यावर बसत, वड्या गुंडाळत. त्यांच्या हाताला ती सवय नव्हती, कागदाच्या घड्या वाकड्या पडत. हेमा येता-जाता त्या सरळ करी.

चैत्रात तिनं मोगरा मागवला. टोपली उघडली तशी ती मागच्या खोलीतून म्हणाली, “अहो, जरा येता का? हा कसा सांगू, ते कळत नाहीये मला.”

दीनानाथ उठले, आत जाऊन तिच्या शेजारी बसले.

“घाई नाही,” ते म्हणाले. “आधी मनाशी घोळव. मग सांग.”