नवसाची दाढी

विश्वनाथच्या गालाला जन्मात वस्तरा लागला नव्हता, आणि इतवारीतले लोक त्याचं श्रेय कोराडीच्या देवीला देत. त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, तसंच सांगून ठेवलं होतं: पोराची दाढी नवसाची आहे. देवीला बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खरी गोष्ट अशी की विश्वनाथचं रक्त थांबत नसे. एवढंसं कापलं तरी दोन-दोन दिवस झिरपत राही, आणि कधी काही न लागताही गुडघा आतून सुजून बसे. रुखमाबाईचा भाऊ नुसती दाढ काढल्याचं निमित्त होऊन गेला होता. सदर भागातल्या डॉक्टरानं सांगितलं, हा रोग आईच्या घराण्यातून येतो. मुलींना बहुधा त्रास होत नाही, पण त्यांच्या मुलांना होऊ शकतो. त्या दिवसापासून रुखमाबाईनं तोंडाला कुलूप घातलं, कारण विश्वनाथच्या पाठीवर शामला होती आणि तिला उजवायची होती.

आता तिचं लग्न ठरलंही होतं, लकडगंजच्या मनोहररावांच्या मुलाशी. नेमके तेव्हाच विश्वनाथचे वडील गेले. दहाव्या दिवशी तलावावर मुलाचं क्षौर व्हायचं, म्हणजे डोकं, दाढी, मिशी सगळं वस्तऱ्यानं साफ. भटजींनी बजावलं, बापाच्या क्रियेपुढे नवसबिवस चालायचा नाही. स्वतःच्याच थापेत रुखमाबाई अशी पुरती सापडली.

"नोको जाऊ बापू," ती कोपऱ्यातून म्हणाली. "गुडघा धरला म्हनून सांगू."

"मनोहरराव तिथंच येऊन राहिले. आज नाही गेलो त इचारतीनच, काहून नाही आला म्हनून. मंग शामलीचं लगन गेलंच समज."

"अन् तू गेला त?"

विश्वनाथ खांद्यावर पंचा टाकून निघाला. बहिणीचं लग्न मार्गी लावून मरावं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. असले विचार घरी बसून करायला बरे असतात.

तलावाच्या पायरीवर शालिकराम न्हाव्यानं त्याला बसवलं, डोक्याला पाणी चोळलं आणि वस्तरा चामड्यावर घासायला घेतला. मनोहरराव चार माणसांसोबत वरच्याच पायरीवर बसले होते.

"हलू नका मालक. हात हलका हाये माहा."

पहिली बट पडली. दुसरी पडली. विश्वनाथ पाण्याकडे बघत होता. लहानपणी पाहिलेली मामाची उशी त्याला दिसत होती, लालभडक, आणि ती बदलता बदलता थकलेली आजी. वस्तरा कानामागे आला, तिथली कातडी शालिकरामनं बोटानं ताणली. मरायची तयारी करून आलेल्या विश्वनाथला त्या क्षणी भयंकर राग आला. आईचा, त्या नवसाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या मुकेपणाचा. त्यानं न्हाव्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांब गा! मले रोग हाये. रक्त थांबत नाही माह्यं. नवसगिवस काही नाही, सारं खोटं."

शालिकरामनं वस्तरा खाली ठेवला.

"अहो, मग कात्रीनं काढा केस," भटजी वैतागून म्हणाले. "जिवावर बेतत असेल तर तेवढ्यानंही भागतं. आधी सांगायचं होतं!"

एवढंच! इतक्या वर्षांत हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. विश्वनाथला हसावं की रडावं कळेना. पण मनोहरराव उठून खाली आले होते.

"हे दुखनं आईकडून आलं का तुले?"

"हो."

"मंग शामलेच्या पोराले?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर अजूनही निभावलं असतं.

"होऊ शकते," विश्वनाथ म्हणाला.

मनोहररावांनी चपला घातल्या. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एकच मुलगा होता. "सांभाळ सोताले," एवढं बोलून ते गेले.

घरी आल्यावर विश्वनाथनं बहिणीला समोर बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. "शामले, मी तुह्यं लगन मोडून आलो."

रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. शामला मात्र तरातरा पुढे आली.

"माह्या लगनापाई तू मराले बसला होता? मले इचारलं होतं का रे कोनी?"

तिनं त्याच्या तोंडात मारायला हात उगारला, आणि तो तसाच वर राहिला. ही बहीणभावंडं कधी भांडली नव्हती असं नाही, पण तिनं त्याला आजवर एक चापट मारली नव्हती, चिमटा काढला नव्हता, केस ओढले नव्हते. भावाला हात लावायचा नाही, हे ती चालायला लागायच्या आधी शिकली होती.

"मार," विश्वनाथ म्हणाला.

शामलानं हात सावकाश खाली आणला, त्याच्या वेड्यावाकड्या कापलेल्या केसांवर ठेवला आणि तसाच ठेवून, आपल्या मोडलेल्या लग्नासाठी हमसून हमसून रडली.