मुंगळ्याची राणी

वहिनी गेल्यापासून दादा कुणाशी धड बोलत नव्हता. तीन महिन्यांनी त्याचा पहिला फोन आला, तो मुंगीसाठी. पंख गाळलेली एक मोठी काळी राणी त्याला खिडकीच्या चौकटीवर सापडली होती. "तू मुंग्यांतला ना रे? बघून सांग, जगेल का."

मी सव्वीस वर्षं संग्रहालयात मुंग्या ओळखतोय. हाताखालच्यांना रोज ऐकवतो, नळीतून मुंगी ओळखायची नाही. बाहेर काढा, भिंगाखाली घ्या. मी गेलो तेव्हा दादाने तिला ठेवलेली काचनळी तर आतून वाफेने धुरकटलेली. पण मोठ्या भावापुढे शेखी मिरवायची संधी जन्मात पहिल्यांदा आली होती. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? मुंगळ्याची राणी आहे. अंधारात ठेव. पहिली पिल्लं निघेपर्यंत ती अंगातल्या चरबीवर जगते. नळीच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढायचा नाही, खायला तर अजिबात नाही."

दर रविवारी फोन येऊ लागला. "चार अंडी." "आज सहा!" एकदा तर हसलासुद्धा. मग, "अंडी कमी दिसतात रे."

"खात असेल. करतात तशा," मी म्हणालो.

पाचव्या रविवारी ती मेली.

नळी मी कामावर नेली आणि शेवटी भिंगाखाली धरली. पोटाच्या पहिल्या कडीनंतर आवळल्यासारखी खाच, टोकाला डंख. मुंगळ्याला डंख नसतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. ही शिकारी जात. हिची राणी पिल्लं वाढवतानाही स्वतः बाहेर पडून भक्ष्य आणते. महिनाभर मी तिला उपाशी मारत होतो. माझी मलाच किळस आली.

संध्याकाळी दादाकडे गेलो. पिल्लांसाठी त्याने पुठ्ठ्याचं खोकं आतून काळं रंगवून ठेवलं होतं.

"रोज बोळा कुरतडायची," तो म्हणाला. "उघडावंसं वाटायचं. पण तू नको म्हणाला होतास." मग त्याने विचारलं, "कोणती निघाली रे?"

खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो.

"मुंगळ्याचीच."

त्याने मान हलवली. "म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. तुझ्या वहिनीच्या वेळीही सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं होतं मी."

खोकं कपाटावर टाकून तो आत जाऊन पडला. दार उघडंच होतं, चार पावलांवर. मी उठलो नाही.

त्यानंतर एकाही रविवारी त्याचा फोन आलेला नाही.