डावखुरं मुंगूस आणि मी

मी एक जुनी काचपेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी भारी भित्री आहे. काचपेटी म्हणजे मासे ठेवायची नव्हे हं! माझ्यात कोणी मासे सोडले, तर मी धास्तीनेच मरेन. मी लाकडाची एक बसकी पेटी आहे. माझ्या पोटात दोन ट्यूबलाइट आहेत आणि वर पांढरी दुधी काच. दिवे लावले की काच उजळते. तिच्यावर चित्राचा कागद ठेवायचा आणि त्यावर दुसरा कोरा कागद. मग खालच्या रेघा वरच्या कागदातून दिसू लागतात आणि त्या छान गिरवता येतात.

मला एका सुताराने बनवलं. हात चांगला, पण स्वभाव तापट. काच बसवून झाल्यावर त्याला आठवलं की कडेची एक पट्टी ठोकायची राहिलीच. तो हातोडी घेऊन बसला आणि त्याच वेळी शेजारच्या दुकानदाराशी तावातावाने भांडू लागला. लक्ष सगळं भांडणात आणि हातोडी माझ्या काचेपासून बोटभर अंतरावर! तेव्हा मला जी धडकी भरली, ती काही गेली नाही. कोणी माझ्याजवळ कप जरी ठेवला, तरी मी जीव मुठीत धरून बसते.

मला विकत घेतलं ताईने. ताई चित्रकार आहे. ती लोगो बनवते. दुकानाच्या पाटीवर, बिस्किटांच्या पुड्यावर, शर्टाच्या खिशावर जे छोटंसं चित्र असतं ना, तेच. ती आणि तिचा थोरला भाऊ एकाच घरात राहतात. दादा तरुणपणी हॉकीचा गोलकीपर होता. पुढे गुडघा दुखावला, खेळ सुटला. आता तो एका शाळेची बस चालवतो. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि दोघांचं एक मिनिट पटत नाही.

ती वर्षं फार सुखाची होती. ताई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. पाहुणे आले की म्हणायची, "माझी पेटी आहे म्हणून मी आहे." मग घरात कॉम्प्युटर आला. माझी रवानगी कपाटामागच्या फटीत झाली. तिथे मी उभी, आणि माझ्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रं. दिवा नाही, कागद नाही. एक पाल मात्र नेमाने यायची. तिलाही मी घाबरायचे.

एके दिवशी ताईकडे टीव्हीवरच्या एका मालिकेचं काम आलं. मालिका हॉकीची होती. तिच्यातले संघ सगळे काल्पनिक, आणि प्रत्येक संघाला लोगो हवा होता. मालिकेचे कपडे सांभाळणाऱ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरवरचं गुळगुळीत काही नको बाई. हाताने काढलेलं द्या." झालं! मी फटीतून बाहेर आले. एक ट्यूब बदलावी लागली, पण मी उजळले. आनंदाने की भीतीने, कोण जाणे, पहिला तासभर नुसती लुकलुकत होते.

मित्रांनो, नसलेल्या संघाचा लोगो काढणं फार अवघड असतं. खऱ्या संघाला हरलेल्या-जिंकलेल्या सामन्यांच्या आठवणी असतात. ह्यांना काहीच नाही. मग ताई ते मनाने रचायची. खेकडे हा संघ चिडका, बेडूक हा संघ उगाच फुशारक्या मारणारा, घुबडं पहिल्या अर्ध्या वेळात झोपलेली. असं ठरवलं की मग ती पेन्सिल हातात घ्यायची. दादा मागे उभा राहून नाक खुपसायचा.

"अगं, खेकडा आडवा चालतो. तो गोल कसा करणार?"

"नाहीच करायचा. गोष्टीत त्यांना हरवायचंच आहे."

"आणि हा बेडूक इतका खूश का?"

"त्याला अजून स्कोअर कळला नाहीये. तू जा बरं, माझ्या उजेडात उभा राहू नकोस!"

ताईची कामाची एक रीत होती. पहिलं चित्र काढायचं ते केस, मिशा, नखं सगळं घालून. मग ते माझ्यावर ठेवून पातळ कागदावर गिरवायचं आणि गिरवताना निम्म्या रेघा गाळायच्या. मग पुन्हा गिरवायचं, पुन्हा गाळायचं. शर्ट चिखलात लोळला तरी लांबून ओळखू आला पाहिजे, असं तिचं म्हणणं. शेवटी तो पातळ कागद ती उलटा करून बघायची. सवयीने आपल्याला चित्राचं वाकडं नाकही सरळच वाटतं. कागद उलटला की खोट लगेच कळते. ती दुरुस्त करायची, कागद पुन्हा सुलटा करायचा, त्यावर जाड पांढरा कागद ठेवून शाईने पक्कं चित्र काढायचं.

आता पातळ कागद सुलटा आहे की उलटा, हे कसं कळणार? त्यासाठी ताई वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी फुली करून ठेवायची. कागद उलटा असला की फुली डावीकडे जाते. त्या फुलीकडे ती मुद्दाम कधी बघत नसे. काम करता करता ती डोळ्याच्या कडेला दिसायची आणि हात आपोआप कागद फिरवायचा. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

पण ताईचं काहीतरी बिनसलं होतं. मी फटीतून बाहेर आले तेव्हापासून मला ते दिसत होतं, आणि मला तोंड नाही! ती समोरची रेघ अशी काही सुरेख काढायची की बघत राहावं. आणि लगेच कोपर लागून डावीकडचा चहाचा कप खाली. खोडरबर तिच्या हाताशीच असायचं आणि ती घरभर शोधत फिरायची. दादा बाजूने आला की ती किंचाळायची, "केवढ्याने दचकवतोस! आवाज तरी करत जा." दादा बिचारा कधीपासून तिथेच उभा असायचा. मला वाटलं, घरात भूतबित शिरलंय. माझी तर पाचावर धारण बसली.

ताईही घाबरली होती. घरात कोणी नसलं की ती माझ्यावर दोन्ही हात टेकून बसायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "माझं डोकं चालेनासं झालंय. वस्तू कुठे ठेवते, काही आठवत नाही. आईचंही असंच झालं होतं. शेवटी भिंत धरून चालायची ती." तिचे तळवे गार पडलेले असायचे. मला खालून दिवा आहे, म्हणून मी जरा ऊबदार असते. तेवढीच ऊब मी तिला देऊ शकत होते. पण तिला काय झालंय हे मला कळत नव्हतं, आणि दादाला सांगायची ती तयार नव्हती.

शेवटचा लोगो मुंगसांचा होता. हा ताईचा लाडका संघ. एक मुंगूस पाठ वाकवून, स्टिक घट्ट धरून, आता झेपच घेणार अशा बेताने उभं. चित्रात अक्षर एकही नव्हतं, कारण संघाचं नाव खाली वेगळं शिवायचं होतं. ताईने पातळ कागद उलटून बघितला, शेपटी थोडी दुरुस्त केली. तेवढ्यात दार वाजलं. ती जाऊन आली, खुर्चीत बसली आणि पातळ कागदावर जाड कागद ठेवायला लागली.

फुली डावीकडे होती!

मी खालून बघत होते. मला ती लख्ख दिसत होती. मी मनात ओरडले, ताई, फुली! ताई, कोपऱ्यात बघ! दिवा लुकलुकवावा म्हटलं, तर नव्या ट्यूबने दगा दिला, ती कशी शांत जळत राहिली. ताईने शाईची पहिली रेघ ओढली. मी घाबरले होते ते चित्रासाठी नाही. चित्र पुन्हा काढता येतं. पण जी गोष्ट तिला झोपेत दिसली असती, ती आज दिसली नाही, ह्याने माझ्या काळजात चर्र झालं.

पुढच्या आठवड्यात मालिकेकडून नमुन्याचा शर्ट आला. छातीवर मुंगूस धाग्याने भरलेलं. दादा बसवरून नुकताच आला होता. त्याने शर्ट हातात घेतला आणि खो खो हसत सुटला.

"अगं, हे मुंगूस डावखुरं आहे की काय?"

"म्हणजे?"

"वरचा हात उजवा, खालचा डावा! हॉकीत असं नसतंच. माणूस डावखुरा असला तरी स्टिक उजवीच धरावी लागते. डाव्या हाताची स्टिक चालतच नाही. सगळंच चित्र उलटं झालंय तुझं."

ताईने कपडेवाल्या बाईंना फोन लावला. पलीकडून मोठा आवाज आला, "असू द्या हो! गोष्टीतलाच तर संघ आहे. कोणाला कळतंय?"

"हॉकी खेळणाऱ्या प्रत्येक पोराला कळेल," दादा म्हणाला. मग त्याने तो पातळ कागद शोधून काढला आणि शर्टावरच्या चित्राशी जुळेल असा माझ्यावर ठेवला. "ह्यावर फुली घातली नव्हतीस का?"

"घातली होती की."

"मग ही काय, डावीकडे. तुला दिसली कशी नाही?"

"कुठे आहे?" ताईने विचारलं. ती कागदाकडेच बघत होती.

"इथे. माझं बोट आहे तिथे."

ताईने अख्खी मान वळवली, तेव्हा तिला बोट दिसलं. दादाचं हसू मावळलं. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "माझ्या नाकाकडे बघ. इकडेतिकडे बघायचं नाही." त्याने दोन्ही हात आपल्या कानांच्या बाजूंना धरले आणि बोटं हलवू लागला. माझा सगळा उजेड त्या बोटांवर पडला होता.

"दिसतंय काही हललेलं?"

"नाटकं पुरे कर. मला सगळं दिसतंय. तुझं नाक, मिशी..."

"अगं, मी बोटं हलवतोय. केव्हाची हलवतोय."

त्याने हात हळूहळू आत आणले. पार गालांजवळ आल्यावर ताई दचकून मागे सरकली. मग ताईने तोंडावर हात घेतले आणि लहान मुलीसारखी रडली. "मला वाटलं मला वेड लागतंय. मला फार भीती वाटते रे, दादा."

"मलाही वाटते," दादा म्हणाला. "चल, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"उद्या जाऊ."

"आत्ता. चप्पल घाल."

गडबडीत माझा दिवा तसाच राहिला. रिकाम्या घरात मी एकटी जळत होते. मित्रांनो, तो सुतार, ती पाल, ते कप, सगळं विसरले मी. एकच विचार होता: ताईचे डोळे राहतील की जातील? जिन्यावर कोणाचंही पाऊल वाजलं की वाटायचं, आले. आणि ते पुढे निघून जायचं.

शेवटी ती दोघं परत आली. ताई खुर्चीत बसली आणि सवयीने माझ्यावर हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा काचबिंदू आहे. तो कडेकडेने नजर खातो आणि मधली सोडतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जेवढी नजर गेली, तेवढी परत येणार नाही. उरलेली जपता येईल, पण रोज थेंब घालावे लागतील आणि तपासण्या चुकवता येणार नाहीत.

"डोकं ठिकाणावर आहे म्हणजे माझं," ताई म्हणाली.

"ते कधी होतं?" दादा म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

कारण डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते. हा आजार घराण्यात चालतो. आईचीही नजर बहुधा ह्यानेच गेली असावी, आणि सगळे म्हणत राहिले, वय झालं. म्हणून त्यांनी सोबत आलेल्या दादालाही तपासलं, आणि त्याच्याही डोळ्यांत सुरुवात झाली होती. अगदी थोडीशी. बस चालवायला अजून हरकत नव्हती. पण हे कळलं नसतं तर? दादा हात मांडीवर ठेवून बसला होता. "रोज चाळीस पोरं बसवतो गं मी मागे," तो म्हणाला. "चाळीस."

आता रोज संध्याकाळी मी उजळते. दादा ताईच्या डोळ्यांत थेंब घालतो, ताई दादाच्या. दोघंही एकमेकांवर ओरडतात की नेम नीट धर. मुंगूस ताईने पुन्हा काढलं, प्रत्येक कोपऱ्याकडे मान वळवून, आणि तो लोगो आता पडद्यावर दिसतो. माझी भीती गेलेली नाही. थेंबांची बाटली संपत आली की ती वाढते.

तेव्हा मित्रांनो, ह्या भित्र्या पेटीचं एवढं ऐका. तुमच्या घरात कोणी वारंवार ठेचकाळत असेल, कप सांडत असेल, बाजूने हाक मारली की दचकत असेल, तर त्यांना हसू नका, वेंधळे म्हणू नका. हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. घरात पूर्वी कोणाची नजर गेली असेल, तर सगळेच जा. ते म्हणतील, काही गरज नाही, मला सगळं दिसतंय. ताईही हेच म्हणाली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती.