लाल ठिपक्याचा ग्लास

मित्रांनो, मी पितळेचा आहे, जुना आहे आणि सध्या फार रागावलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूनं आपली हकीकत गोड शब्दांत सांगावी आणि शेवटी आशीर्वाद द्यावा, अशी तुमची अपेक्षा असते. आज ते मला जमेल असं वाटत नाही.

मी प्रभुभोजनाचा प्याला. नेकनूरच्या पुढे सडक सोडून आत वळलं की एक वाडी लागते. तिथल्या छोट्या लूथरन मंडळीच्या चर्चमध्ये, वेदीशेजारच्या जाळीच्या कपाटात मी राहतो. महिन्यातून एका रविवारी पाळकसाहेब येतात आणि मंडळीला भाकर व द्राक्षारस देतात. काही ठिकाणी ही नुसती आठवण समजतात. आमचे लोक तसं मानत नाहीत. त्या भाकरीत आणि त्या रसात प्रभू स्वतः येतो, असा त्यांचा विश्वास आहे. एवढा विश्वास असलेल्या माणसांनी पुढे काय केलं ते ऐका.

वाडीत दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. गावानं दोघींनाही वेशीबाहेर ठेवलेलं. तरीही वेशीबाहेर बसून वरची आळी खालच्या आळीच्या हातचं पाणी पीत नव्हती! पुढे दोन्ही आळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, प्याला विकत आणायचा नाही, दोन्ही आळ्यांनी मिळून करायचा. मग कुणी चेपलेला तांब्या दिला, कुणी फुटकी वाटी, कुणी समईचा मोडका पाय. ते सगळं पोत्यात भरून परळीला नेलं. तिथल्या ओताऱ्यानं एकाच मुशीत वितळवून माझा आकार ओतला आणि आतून कल्हई केली. माझ्यातलं कुठलं पितळ कुठल्या आळीचं, हे आता मलाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे तांब्याला ओठ लावत नाहीत. मान वर करून धार तोंडात सोडायची, म्हणजे भांडं उष्टं होत नाही. माझ्यापुढे मात्र सगळ्यांनी गुडघे टेकले आणि काठाला ओठ लावले. वरच्या आळीच्या म्हाताऱ्यानं खालच्या आळीच्या म्हातारीचं उष्टं प्यायलं. पहिल्या दिवशी कित्येकांनी डोळे मिटून घेतले असतील. पण प्यायले. त्या काळात गावातल्या हॉटेलात या लोकांसाठी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवलेली असायची. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. महिनाभर त्या कोनाड्यातून चहा पिणारी माणसं प्रभुभोजनाच्या रविवारी माझ्याकडे यायची. मी काय होतो त्यांच्यासाठी, हे तुम्हाला कळलं असेल.

माझी खरी सेवा केली ती बायनाबाईनं. खालच्या आळीची ही बाई दर शनिवारी मला चिंचेनं आणि राखेनं घासायची. तिच्या जोडीला वरच्या आळीची कौशल्याबाई असायची. दोघी चर्चच्या पायरीवर बसून घासता घासता साऱ्या वाडीची उणीदुणी काढायच्या आणि पोट धरून हसायच्या. रसही बायनाबाईच करायची. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. कल्हईवाला वाडीत आला की दोघी मला घेऊन त्याच्यापुढे हजर. पितळेला आतून कल्हई नसली की आंबट पदार्थ कळकतो, विषारी होतो. ही गोष्ट त्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती.

मग कोरोना आला. चर्च बंद झालं, मी कपाटात बंद झालो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं मरत होती, तेव्हा एकाच प्याल्याला ओठ लावणं वेडेपणाच होता. चर्च उघडल्यावर मंडळीचे मुख्य पंच सुंदरराव, म्हणजे कौशल्याबाईचे यजमान, बीडहून स्टीलचे इवलेसे ग्लास आणि एक मोठा ट्रे घेऊन आले. प्रत्येकाला आपापला ग्लास. त्यालाही माझी ना नव्हती. इवल्या ग्लासात प्रभू मावत नाही, असं म्हणणारा मी कोण?

पण साथ गेली तरी ग्लास गेले नाहीत. वरची आळी म्हणाली, ग्लासच बरे. खालची आळी म्हणाली, आमच्या बापजाद्यांचा प्याला काढा. खालच्या आळीचा पुढारी बंकट. हा टेम्पो चालवतो आणि बोलतोही हॉर्न दाबून धरल्यासारखा. "आमचं उष्टं चालंना का आता तुमाला?" असं तो भर उपासनेत ओरडला. सुंदरराव म्हणाले, "तोंड सांभाळून बोल बे. रोगराईचं बोलायलोत आमी." लग्नाच्या पंगती वेगळ्या झाल्या. मयतालाही एक आळी उजवीकडे आणि एक डावीकडे उभी राहू लागली.

अशात बायनाबाईला क्षय झाला. तिनं सरकारी दवाखान्याच्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या आणि पूर्ण बरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता तिच्यापासून कुणालाही धोका नाही. अंगावर पुन्हा मांस चढलेली बायनाबाई नवं लुगडं नेसून चर्चला आली. मी जाळीतून बघत होतो. मनुका आता सुंदररावांच्या घरी उकळू लागल्या होत्या. ते तिला कळलं, तरी ती आपल्या जागी जाऊन बसली. आमचे पाळकसाहेब, शमुवेल उघडे, हातात ट्रे घेऊन तिच्यापुढे आले. तिनं हात पुढे केला, तर साहेबांच्या मागे उभ्या सुंदररावांनी बोट दाखवलं. "त्यो न्हाई बाई. त्यो तिकडचा, लाल ठिपक्याचा. त्यो तुमचा."

एका ग्लासाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो लावला होता कौशल्याबाईनं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून लावला. सायलीच्या, म्हणजे नातीच्या बाटलीतला. बायनाला कायमचा तिचा स्वतःचा ग्लास होईल, कुणी कुरकुरणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. चांगल्या मनानं केलेला दुजाभाव मला सर्वांत जास्त चीड आणतो. ज्यांच्या बापांनी कोनाड्यातल्या कपातून चहा प्यायला, त्यांनीच आपल्या वेदीवर कोनाडा बांधला!

बायनाबाईनं तो ग्लास उचलला, उलटा करून ठिपका पाहिला आणि परत ट्रेमध्ये ठेवला.

"ह्यो कप मी वळखते," ती म्हणाली. "माझ्या बापाचा हाय. हॉटेलच्या कोनाड्यात असायचा."

आणि ती न पिता बाहेर गेली. कौशल्याबाई खाली मान घालून रडत राहिली. रडून काय होतं?

तुम्हाला वाटेल, आता बंकटचा पक्ष खरा. मलाही तसंच वाटलं. त्यानं माझ्या कपाटाचं कुलूप फोडलं, मला छातीशी धरून आपल्या टेम्पोच्या शेडमध्ये नेलं. "बायनाबाईचा अपमान म्हंजी आमच्या आळीचा अपमान!" अशी गर्जना केली. पाळकसाहेबांना गळ घालून तिथे वेगळी उपासना ठेवली. बायनाबाईला पुढे खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. मी आनंदानं लकाकत होतो. कितीतरी काळानं ते ओठ माझ्या काठाला लागणार होते.

तेवढ्यात बंकट तिच्या कानाशी वाकला. "मावशे, तू समद्यांच्या शेवटी घे बरं का. लेकराबाळांची माणसं हायती, उगी कावून कुणाच्या मनात किंतू."

ऐकलंत? हार गळ्यात आणि ओठ शेवटी! बायनाबाईनं हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "त्यो सुंदरराव बरा रं तुझ्यापरीस. त्यानं हार तरी घातला न्हाई." तिथूनही ती न पिता गेली. तिच्यामागे बाकीच्यांनी माझ्यातून प्यायलं. मी माणूस असतो तर ओठ मिटून घेतले असते. प्याल्याला ती सोय नाही.

पुढे पंचांची बैठक झाली. मला परत कपाटात ठेवलं आणि दाराला दोन कुलपं घातली. एकाची चावी सुंदररावांकडे, दुसऱ्याची बंकटकडे. एकाला सोडून दुसऱ्यानं उघडायचं नाही. न्याय केला म्हणून सगळे चहा प्यायले. दोन कुलपांच्या आड मी काळा पडत गेलो, आणि बायनाबाई रविवारी चर्चच्या बाहेर लिंबाखाली बसून गाणी ऐकू लागली. आत यायची नाही, घरीही राहायची नाही. प्रभुभोजनावाचून मरण येईल या एकाच गोष्टीची तिला भीती होती. तसं ती पाळकसाहेबांना माझ्यादेखत दारातूनच बोलली होती.

पाळक उघडे हा भित्रा माणूस. दोन्ही आळ्यांच्या घरी जेवायचं असतं ना! पण पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी त्यांच्यात कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी बायनाबाईला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाले, "या बाईनं घेतल्याशिवाय आज मी कुणालाच देणार नाही. चाव्या द्या." सगळी मंडळी बघत होती. सुंदररावांनी चावी दिली. मग बंकटला द्यावीच लागली.

दार उघडलं. साहेबांनी मला उचललं, आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला मंडळीकडे वाकडं करून दाखवलं. कल्हई पार उडालेली, आत हिरवे काळे डाग. "यात रस ओतला तर कळकेल," ते म्हणाले. "लोक आजारी पडतील."

"कल्हई कावून केली न्हाई?" बंकट ओरडला.

"तुझी चावी तू दिलीस का कवा?" सुंदरराव उठून उभे राहिले.

वेदीपुढे, माझ्या उघड्या तोंडासमोर, ते दोघे भांडू लागले. ज्या बाईसाठी सगळं चाललं होतं ती मध्ये उभी होती. मला शरम वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

तेव्हा कौशल्याबाई उठली. ट्रेजवळ गेली आणि लाल ठिपक्याचा ग्लास उचलला. "साहेब, ह्याच्यात वता. समद्यांला ह्याच्यातूनच द्या."

"अगं, येडी का काय तू?" सुंदरराव म्हणाले. तिनं वळूनही पाहिलं नाही.

बायनाबाईनं मैत्रिणीच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "आधी मी पिनार," ती म्हणाली. "मंग तू."

"व्हय," कौशल्याबाई म्हणाली.

बायनाबाई गुडघ्यावर बसली, ग्लासाला ओठ लावले आणि अर्धा प्यायली. उरलेला कौशल्याबाईनं घेतला. न पुसता, न फिरवता, ओठ लागले होते त्याच जागेवरून. मग दोन्ही आळ्यांतून एकेक जण उठलं. ग्लास इवलासा, साहेब पुन्हा पुन्हा भरत होते. काही लोक मात्र बाहेर निघून गेले. सर्वांत आधी सुंदरराव आणि बंकट. दोघे एकाच दारातून, बरोबरच. त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी कौशल्याबाई नखानं तो ठिपका खरवडू लागली. बायनाबाईनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे कौशे. दिसू दे समद्यांला."

मित्रांनो, मला कुणीतरी परळीला नेऊन कल्हई करून आणावी, अशी माझी इच्छा आहे. बायनाबाईच्या ओठांची मला अजून आस आहे. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. आज घरी गेलात की मोरीजवळच्या फळीवर बघा. एखादा कानतुटका कप बाजूला ठेवलेला असेल. भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठी, नाहीतर कचरा न्यायला येणाऱ्या काकांसाठी. घरात कुणी त्याला हात लावत नसेल. तो कप आणा, धुवा, आणि संध्याकाळचा तुमचा चहा त्यातून प्या. तुमच्या आईनं विचारलं, हे काय, तर उत्तर देऊ नका. तिलाही एक घोट द्या.