रिकामी जागा ठेवलेली पाटी

दोन छोट्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या, चर्च एकच राहिलं आणि त्याची नवी पाटी रंगवायला पेंटरबाई शिडीवर चढल्या. खाली पाळकसाहेबांसमोर दोन्ही मंडळ्यांचे म्होरके नावावरून हमरीतुमरीवर आले होते.

"नावात 'बाप्तिस्मा' हवाच," पहिले म्हणाले. "आम्ही जाणत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडून घेतो तो."

"आणि आमच्या तान्ह्या बाळांच्या कपाळावर पाणी शिंपडतात, त्यांनी कुठं जायचं?" दुसरे म्हणाले. "आमचा कारभार वडीलजन बघतात. 'वडीलजनांची मंडळी' लिहा."

"म्हणजे तुमचीच की!"

पाळकसाहेबांनी 'कृपा मंडळी' सुचवलं. दोघांनाही ते पटलं. मग पहिल्यांनी सहज विचारलं, की कृपा सगळ्यांसाठी की देवानं निवडलेल्यांसाठीच? झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पेंटरबाईंचे पाय भरून आले होते. "रविवारी किती वाजता यायचं, ते तरी ठरलंय का?" त्यांनी वरूनच विचारलं.

"नऊ!" दोघं एका सुरात म्हणाले.

बाईंनी नावापुरती जागा मोकळी सोडली, खाली 'उपासना रविवारी सकाळी नऊ वाजता' असं रंगवलं आणि शिडी उचलून घर गाठलं.

ती जागा आजही मोकळीच आहे. गावात सगळे या मंडळीला 'नऊची मंडळी' म्हणतात.

"नावात चुकीची शिकवण तरी नाही," पहिले समाधानानं सांगतात. दुसरेही मान डोलावतात. ते स्वतः मात्र येतात सव्वानऊला.