पेन्शनला दोन कात्र्या

सुरतेच्या गोडादऱ्यात हिलालआप्पांबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यातल्या निम्म्या खऱ्या धरल्या तरी माणूस दीडशे वर्षांचा भरला असता. इंग्लंडात ते एका हाताने बारा माग चालवायचे आणि दुसऱ्या हाताने चहा गाळायचे. तिथलं धुकं इतकं दाट, की मिलमालक ते कापून तागा म्हणून विकायचा आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत तागा उडून जायचा. आणि आप्पांचं पेन्शन राणी स्वतः पाकिटात घालते, जीभ लावून पाकीट चिकटवते. ही शेवटची गोष्ट खुद्द आप्पांनीच पसरवली होती.

खरं होतं ते एवढंच. अमळनेराकडचा हा माणूस मिसरूड फुटायच्या वयात सुरतेच्या मिलमध्ये आला, तिथून एका सुरती दोस्ताच्या नादाने इंग्लंडला गेला. पुढे बायकोला, सरलाबाईला, बोलावून घेतलं. दोघांनी लँकेशायरात एकाच खात्यात माग चालवले. मिल बसली तेव्हा दोघं परत आले ते तिथला पासपोर्ट खिशात घालूनच. घर मात्र बांधलं गोडादऱ्यात. गावाकडे का नाही, असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणत, "तठे मागाचा आवाज नाही रे भो. झोप कशी लागेल?"

त्यांची एकुलती लेक चंचल. वाढली इंग्लंडात, लग्न तिथेच, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे गेली अमेरिकेला. तिच्या बाळंतपणासाठी सरलाबाई गेली. सहा महिन्यांत येते म्हणाली. जुळं झालं. जुळं रांगतंय तोच तिसऱ्याची चाहूल. इकडे सुरतेत प्लेग आला, अर्धी सुरत पळाली, पळालेली परत आली, माग पुन्हा खडखडू लागले. सरलाबाई काही आली नाही.

दर रविवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पर्वत पाटियाच्या चौकात कुंदनच्या एसटीडी बूथवर जात. फोन तिकडून यायचा. कुंदन रिसीव्हर पुसून हातात द्यायचा, जशी काही देवाची मूर्ती.

"हॅलो. मी बोलतोय."

"हां. मी बोलते. जेवनात का?"

"जेवलो. तू?"

"आमची तर आता रात्र."

"असं का. थंडी?"

"आहे."

मग दोघंही गप्प. समुद्राखालून जाणारी ती तार फुकट घुमत राहायची. मग चंचल फोन घ्यायची. "बाबा, तुम्हीच या ना इकडे. आईला मुलं सोडत नाहीत. घर मोठं आहे."

"येतो ना पोरी. पण आधी टॅक्सचं ठरू दे."

"ह्यांना देऊ का फोन? ते समजावून..."

"लाइन खराब आहे. ठेवतो."

लाइन अशी स्वच्छ असायची, की तिकडे नळ गळत होता तो इकडे कुंदनला ऐकू यायचा.

हे टॅक्सचं भूत आप्पांच्या मानगुटीवर बसवलं भाईदासने. भाईदास हा मागमालकांची सेल्सटॅक्सची कामं करणारा माणूस. शेजारच्या लिंबायतच्या पलीकडे त्याचा अनुभव नव्हता, पण सल्ला मात्र लंडनपर्यंत पोचायचा. त्याने डोळे मिटून, बोटांची कात्री करून सांगितलं होतं, "हिलालभाई, बन्ने बाजूथी कातर फरशे! पेन्शन इंग्लंडचं, माणूस राहणार अमेरिकेत. इंग्लंड म्हणणार पैसा आमचा, काप. अमेरिका म्हणणार माणूस आमचा, काप. मधे काय उरणार? चिंधी!"

आप्पांनी ते बोलणं घरी नेलं, जपलं, वाढवलं. सहा महिन्यांत त्या दोन कात्र्यांना धार आली, मुठी आल्या. वर्षभरात तर आप्पा चहाच्या टपरीवर सांगू लागले, की अमेरिकेत असा एक इंग्रज म्हातारा आहे, ज्याचं पेन्शन दोन्ही सरकारांनी कापत कापत इतकं बारीक केलं, की पोस्टमन ते चिमट्याने आणून देतो.

भटू मुकादम त्यांचा जुना यार. तो एकदा म्हणाला, "आप्पा, कात्रीचं राहू द्या. तुमच्या पोटात वेगळंच दुखतं."

"काय दुखतं?"

"वहिनीच्या हातची भाकर नाही म्हणून दुखतं. आणि ती भाकर लेकीच्या चुलीवर होते म्हणूनही दुखतं. आता सांगा, डॉक्टर कोणता आणू?"

आप्पांनी चहा बशीत ओतला. भटूने नेमकी जागा दाबली होती.

आप्पांचे वडील लेकीच्या गावाला जायचे तेव्हा शिवेवरच्या लिंबाखाली बसून घरची भाकर खायचे, आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायचे आणि मग गावात पाऊल टाकायचे. लेक दिली त्या घरचं अन्न बापाने खायचं नाही, हे आप्पा त्यांच्या मांडीवर बसून शिकलेले. इंग्लंडात चंचलचं सासर दोनच गल्ल्या सोडून होतं. आप्पा तिच्याकडे जायचे, पण जेवूनखाऊन, कोटाच्या खिशात पाण्याची बाटली घेऊन. चंचल चहा पुढे करायची, वाफ आप्पांच्या चष्म्यावर बसायची आणि आप्पा म्हणायचे, "आत्ताच घेतला." दर वेळी आत्ताच.

त्यामुळे आताचा हिशेब सरळ होता. पेन्शन सगळं हातात आलं तर अमेरिकेत आपलं धान्य आपण आणू, चूल लेकीची असली तरी दाणा आपला. पण दोन्हीकडून कात्री लागली तर दाणा जावयाचा. सरलाबाई लेकीच्या घरी राबत होती, म्हणून तिला ते अन्न चाललं. "मी रांधते, मी खाते, माझं मला पचतं," असं ती जाताना म्हणाली होती. पण बाप?

आणि तरी संध्याकाळी दिवेलागणीला, गल्लीतले माग पाळी बदलायला क्षणभर थांबत, त्या थांबलेल्या क्षणात आप्पांना घर रिकामं वाटायचं. आत पाट्यावर मिरची वाटल्याचा आवाज नाही, बांगडी नाही. आप्पा स्वतःच भाकर थापायचे. ती इंग्लंडच्या नकाशासारखी व्हायची. एकदा भिंतीकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "मीठ जास्त झालं." मग कुणी वाद घालत नाही हे लक्षात आलं आणि ती खारट भाकर तशीच खाऊन टाकली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात नवसारीचा एक पाहुणा अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. चंचलने पाठवलेली. आप्पांकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या उखाकडे होता, व्हीसीआर भाड्याने आणला. आखाजीला आलेल्या माहेरवाशिणी, त्यांची पोरं, भटू, भाईदास, सगळी गल्ली उखाच्या खोलीत. गल्लीतल्या कलाबाईने तर उंबऱ्यावर बसून निवडायला तांदूळही आणले.

पडद्यावर आधी पोरं नाचली. मग फ्रिज दिसला. मग जावयाची मोटार. "आमच्या खोलीपेक्षा मोठी," उखा म्हणाला. मग स्वयंपाकघरात सरलाबाई. अंगात स्वेटर, डोक्यावर पदर. केस पार पांढरे. आप्पा पुढे सरकले.

"सगळ्यांना रामराम," सरलाबाई कॅमेऱ्याला म्हणाली. "आम्ही सुखात आहोत. तुम्ही सुखात राहा."

आतून पोर रडलं. "आले रे," म्हणत चंचल कॅमेरा टेबलावर तसाच चालू ठेवून गेली. सरलाबाईने दाराकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या अगदी समोर आली आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही. नुसते ओठ.

"आवाज गेला!" भाईदास ओरडला.

उखाने टीव्हीला थापड मारली. भटूने वायर हलवली. "भाड्याचं मशीन, असंच असणार," कलाबाई म्हणाली.

"हात नका लावू!" आप्पा असे ओरडले, की उखाचा हात टीव्हीवरच थिजला.

गोष्ट अशी होती, की लँकेशायरच्या त्या खात्यात शेकडो माग एकदम धडधडत. तिथे ओरडून उपयोग नसे. कामगार ओठांनी बोलत, डोळ्यांनी ऐकत. सरलाबाई तिकडे गेली तेव्हा घरात तोंड उघडायला लाजायची. खात्यात मात्र चार माग ओलांडून नवऱ्याशी बोलायला शिकली. भाजी काय करू, तुमचा सदरा फाटलाय, तो गोरा मुकादम मेला माझ्याकडे बघतो, आज मला बरं नाही, आज तुम्ही फार चांगले दिसता. दोघांचं जे काही बोलायचं ते सगळं तिथे बोलून झालं. आवाजात बोलायची सवयच राहिली नाही. म्हणून तर टेलिफोनवर दोघं परक्यासारखी.

आता ती बोलत होती. अहिराणीत, आवाजाशिवाय, लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहून.

"आठे माले करमत नही. लेक चांगली आहे, जावई देवमाणूस आहे, तिला हे सांगू नका, तिच्या जिवाला लागेल. पण दिवसभर माझ्याशी भांडायला कुणी नाही. सगळे गोडच बोलतात. तुमचा टॅक्स मला माहीत आहे. लेकीच्या घरचं पचत नसेल तर उपाशी या. पण या. मी म्हातारी दिसते का हो?"

तेवढ्यात चंचल आली. सरलाबाई लगेच मोठ्याने म्हणाली, "बरं, मग सगळ्यांना रामराम." कॅसेट संपली. पडद्यावर मुंग्या आल्या.

"काय म्हणाली वहिनी?" भटूने हळूच विचारलं.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

उखाने परत लावली. मग आणखी एकदा. माहेरवाशिणी कंटाळून आखाजीच्या झोक्याकडे गेल्या, कलाबाईचे तांदूळ निवडून झाले. आप्पा पडद्यापाशी बसून होते, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या प्रश्नाला त्यांचेही ओठ हलत होते. "नाही," असं ते म्हणत होते. "नाही गं."

पुढच्या रविवारी बूथवर आप्पांनी हॅलो म्हणायच्या आधीच सांगितलं, "जावईबापूंना दे."

तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जावई फोनवर आला.

"ते टॅक्सचं काय ते एकदा नीट सांगा."

जावयाला हे सांगायची इतक्या दिवसांची घाई होती, की त्याने श्वासही घेतला नाही. "बाबा, दोन्ही देशांचा आपसात करार आहे. इथे राहिलात तर कर इथलाच, एकाच सरकारचा, आणि तुमच्या एवढ्याशा पेन्शनवर तो लागेल असंही वाटत नाही. उलट सुरतेत राहिलात म्हणून ते पेन्शन पहिल्या दिवशी होतं तिथेच थांबलंय. इथे आलात की दर वर्षी वाढेल. काळजी करायची तर माझी करा. अर्धी नोकरी इंग्लंडची, अर्धी इथली, म्हातारपणी मला कोण किती कापणार ते देवाला ठाऊक."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमची लाइन खराब असायची."

आप्पांनी कुंदनकडे पाहिलं. कुंदन छताकडे बघत होता.

भाईदासला बातमी कळली तेव्हा तो जरा वेळ बोटांची कात्री नुसतीच चालवत राहिला. मग म्हणाला, "करारनुं शुं, उद्या तोडतील!" पण विमानतळापर्यंत सोडायला तोच आला.

एक अडचण उरलीच होती. पेन्शन सुरतेच्या बँकेतून अमेरिकेच्या बँकेत वळायला दोन-तीन महिने सहज जाणार होते. तोपर्यंत खायचं काय? आप्पांनी त्यावर तोड काढली. गावाहून ज्वारी मागवली, उडीद मागवले. कलाबाईने भरताची वांगी दिली, हिरव्या मिरच्या दिल्या, लसणाची माळ दिली. भटूने पिशवी उचलून पाहिली. "आप्पा, शेतच का नाही नेत? बैल मी पकडतो."

"दाणा आपला पाहिजे," आप्पा म्हणाले.

अमेरिकेच्या विमानतळावर एक ठेंगणा कुत्रा आला आणि आप्पांची पिशवी हुंगून तिच्याजवळ असा बसून राहिला, जसा जन्माचा सोबती भेटला. मागून गणवेशातला माणूस आला. वांगी गेली, मिरच्या गेल्या, लसूण गेला. ज्वारी-उडदाचा दाणा न् दाणा बियाणं ठरला. आप्पांनी लँकेशायरच्या इंग्रजीत पुष्कळ समजावलं, की हे पेरायला नाही, खायला आहे. तो माणूस म्हणाला, इथे खायला भरपूर मिळतं. पिशवी हलकी झाली, आणि आप्पा दुसऱ्याच्या देशात रिकाम्या हातांनी उभे राहिले.

बाहेर सरलाबाई होती. स्वेटरची बटणं चुकीची लावलेली. आप्पांनी पिशवी खाली ठेवली. तीच म्हणाली, "इतका उशीर?" विमानाबद्दल म्हणाली की सगळ्याबद्दल, ते आप्पांनी विचारलं नाही.

घरी टेबलावर सगळ्यांची ताटं मांडलेली. आप्पांच्या जागी ताट नव्हतं. चंचलने तिथे पाण्याचा पेलाही ठेवला नव्हता. तिला वडील माहीत होते.

"बाबा, तुमचं पीठ द्या. आई भाकरी टाकेल तुमच्यापुरत्या," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "भांडीसुद्धा मी नवीन आणून ठेवली आहेत, आमची न वापरलेली."

आप्पांनी तिच्या त्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. त्या हातात कधीकाळी किती वेळा चहाचा कप थंड झाला असेल, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं ते आपलं पोट सांभाळत होते आणि ही पोर दर वेळी कप उचलून मोरीत ओतत होती. तिच्याही केसांत पांढरं आलं होतं.

"पीठ नाही," ते म्हणाले. "तू काय केलंयस?"

चंचलला कळलं नाही. तिने आईकडे पाहिलं.

"भात आहे," ती चाचरत म्हणाली. "वरण. शेवेची भाजी जमली नाही, शेव इथली..."

"वाढ."

तिने कपाटातून ताट काढलं ते नवं नव्हे, रोजचं. भात इतका वाढला, की वरणाला जागा राहिली नाही. मग वरण ओतलं तेव्हा टेबलावर ओघळ आला. कुणी पुसला नाही. जावई उगाच खिडकीबाहेर बघू लागला.

"सावकाश वाढ गं," सरलाबाई म्हणाली. "पळून नाही जात ते."

आप्पांनी पहिला घास घेतला. चंचल डाव हातात धरून उभी होती, लहानपणी चित्र काढून दाखवायला उभी राहायची तशी.

वरणात मीठ अजिबात नव्हतं. आप्पांनी ताट पुढे केलं आणि आणखी वरण मागितलं.