एका नवऱ्याची जागा

फानसोकने लढाई कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही. तो पंचवीस वर्षांचा असताना, कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा, त्याच्या गावात एक जपानी साहेब आला, दोन वर्षांचा करार आहे म्हणाला, त्याचा अंगठा घेतला आणि त्याला आगगाडीत, मग बोटीत, मग साखालिन बेटावरच्या एका कोळशाच्या खाणीत नेऊन घातलं. जपान कुणाकुणाशी लढत होता. कुणी म्हणायचं तेलासाठी, कुणी म्हणायचं बादशहासाठी. फानसोकला कळायचं ते एवढंच, की तिकडे लढाई पेटली की इकडे दिवसाला भरायच्या कोळशाच्या बारा ढकलगाड्यांच्या पंधरा होतात. करार कुणी न विचारता वाढला. गावी बायको होती, मालसून, आणि नुकती बसायला लागलेली मुलगी, बुनी.

१९४५च्या ऑगस्टात जपान हरला आणि सगळं बेट रशियाकडे गेलं. जपान्यांना न्यायला बोटी आल्या, तेव्हा कोरियन माणसंही बोचकी बांधून बंदरावरच्या टेकडीवर जाऊन बसली. तुम्ही आता जपानी नाही, असं सांगून त्यांना धक्क्यावरून हाकललं. आणताना जपानी होती, नेताना नव्हती. थंडी पडेपर्यंत फानसोक त्या टेकडीवर बसला आणि मग पोटासाठी पुन्हा त्याच खाणीत उतरला. पाच वर्षांनी खुद्द कोरियात लढाई जुंपली. देश मधोमध चिरला, आणि त्याचं गाव ज्या अर्ध्यात होतं त्या अर्ध्याशी रशियाचं बोलणंच नव्हतं. पत्र जाईना. शेजारच्या गावी जायचं तरी ठाण्यावरून परवाना आणायचा.

अशी तेरा वर्षं गेली, आणि १९५८च्या वसंतात शिझुएने त्याला घरी जेवायला बोलावलं.

शिझुए जपानी. तिचा नवरा जोंगाप कोरियन, खाणीत फानसोकचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी छत कोसळून तो गेला. पदरात दोन मुली. तिने बटाट्याचा रस्सा वाढला आणि समोर बसली.

"भाऊजी, बोटी पुन्हा सुरू झाल्यात. मागे राहिलेल्या जपानी बायकांना नेणार आहेत. नवऱ्यासकट, मुलांसकट."

"बरं झालं, वहिनी. पोरींना घेऊन निघा आता."

"माझ्याकडे नवऱ्याची जागा रिकामी आहे."

फानसोकचा घास हातातच राहिला.

"कचेरीत लग्न नोंदवायचं. जपानला उतरलो की तुमची वाट तुम्हाला मोकळी. तिथून कोरिया काय, हाकेवर."

"वहिनी, मला बायको आहे."

"मग? तिच्याकडेच धाडतेय ना तुम्हाला! फक्त कचेरीतल्या बाईपुढे मला वहिनी म्हणू नका, म्हणजे झालं."

थोरली मुलगी फिसकन हसली. शिझुए हसली नाही. "जोंगापला तुम्ही हातांनी उकरून बाहेर काढलंत. तीन दिवस. मेलेला का होईना, माझा माणूस मला मिळाला. मी ते विसरलेली नाही."

लग्न नोंदलं गेलं. बोटीच्या अर्जावर दोघांची नावं चढली. आता नवरा-बायको खरोखर एकत्र राहतात, असं सांगणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या तेवढ्या हव्या होत्या. एक सुताराने केली. दुसरीसाठी फानसोक मानसूकडे गेला. दोघं पंधरा वर्षं एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपत आले होते. खोलीत लिहिता-वाचता येणारा मानसू एकटाच.

"अरे वा, नवरदेव!" मानसू म्हणाला. "पंधरा वर्षं माझ्या कानाशी घोरलास, आणि लग्नाचं आमंत्रण नाही?"

"सही कर, मानसू."

मानसूने कागद दोनदा वाचला. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. "मला न्या."

"एकाच नवऱ्याची जागा आहे रे."

"मग ती तुलाच का? तुझी बायको तरणी आहे, थांबेल. माझी आई ऐंशीला आली. ती किती थांबणार?"

मानसूने कागद परत केला. "नाही करत सही. आणि ऐक, सोमवारी मी कचेरीत जाऊन सांगणार, हे लग्न खोटं आहे म्हणून. इथे कुजायचं तर सगळ्यांनीच कुजू."

फानसोक तडक शिझुएकडे गेला. "वहिनी, माझ्याऐवजी मानसूला न्या."

"मी काय तिकीट आहे, ज्याच्या हाती लागेल त्याने धरायला?" ती कडाडली. "आणि आठ दिवसांत नवरा बदलला तर त्या कचेरीतल्या बाईला दिसणार नाही? जाऊ दे त्याला सांगायला. बघू काय होतं ते."

काय होणार ते फानसोकला दिसत होतं. तिचं नाव जाईल, पोरींची जातील. शनिवार-रविवार तो खाणीच्या मागच्या रस्त्यावर फेऱ्या घालत राहिला. रस्ता नाक्यापाशी संपायचा. नाक्यावरचा शिपाई त्याला ओळखायचा. तरी दर वेळी हात आडवा करायचाच.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी तो दारात उभा होता.

"माझं नाव खोडा," तो मोडक्या रशियनमध्ये म्हणाला.

टेबलामागच्या बाईने मान वर केली. महिनाभर माणसं तिच्यापुढे नाव घालण्यासाठी रडत होती. "का?"

"बायकोशी भांडण झालं."

"भांडण तिकडे जाऊनही करता येतं की!"

"मी नाही जाणार. ती आणि मुली जातील."

बाईने पट्टी ठेवली आणि सरळ रेघ ओढली. त्याला वाटलं होतं, थोडा तरी वेळ लागेल. नाही लागला.

बाहेर पायरीवर टोपी हातात धरून मानसू उभा होता.

"जा," फानसोक म्हणाला. "सांग. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही."

मानसू आत गेला नाही.

शिझुए दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या गावाचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि झडतीत सापडू नये म्हणून तो कागद आपल्या कोटाच्या अस्तरात आतून टाके घालून शिवला. बंदरापर्यंत जायचा परवाना त्याला मिळाला नाही. ट्रक तिला आणि पोरींना घेऊन नाक्याच्या पलीकडे गेला. तो अलीकडे उभा राहिला.

त्यानंतर फानसोक आणि मानसू एकाच खोलीत राहिले, एकाच शेगडीवर भात शिजवत राहिले, पण बोलले नाहीत. दुसरी खोली मिळत नव्हती.

चौदा महिन्यांनी जपानहून पाकीट आलं. आत आणखी एक पाकीट. फानसोक ते घेऊन दिवसभर फिरला आणि शेवटी मानसूपुढे धरलं.

"अक्षर पोरीचं दिसतंय," मानसू म्हणाला. घसा साफ करून वाचू लागला. "बाबा, जपानच्या बाईचं पत्र मिळालं. आई आहे. तिने दुसरं लग्न केलं नाही. लढाईत घर जळलं, ते पुन्हा बांधलं. तुम्ही गेलात असं समजून, तुम्ही घर सोडलंत त्या तिथीला आम्ही सहा वर्षं तुमचं श्राद्ध घालतो. आई विचारतेय, या वर्षी काय करायचं?"

"पुन्हा वाच," फानसोक म्हणाला. "श्राद्धाचं."

त्याने वाचलं.

"पानात काय वाढतात, लिहिलंय?"

"भात. सुकवलेला मासा. नासपती."

"मासा कधी खाल्ला मी?" फानसोक हसला, आणि मग त्याला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मानसूने एक कोरा कागद पुढे ओढला.

"लिही," शेवटी फानसोक म्हणाला. "मी आहे. श्राद्ध बंद करा. मासा तुम्हीच खा."

"येतो म्हणून लिहू?"

"नको. वाट बघत बसतील. खाली तुझ्या आईच्या गावाचं नाव घाल. पोरगी चौकशी करेल."

मानसूची लेखणी अडली. "राग गेला तुझा?"

"नाही गेला. लिही तू."

उत्तर पुढच्या वसंतात आलं. वाचणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून मानसूनेच वाचलं. बुनीला मुलगा झाला होता. मालसूनचे गुडघे दुखत होते. "तुमच्या मित्राच्या गावी मी स्वतः गेले. त्यांची आई लढाईच्या दुसऱ्या वर्षी वारली. शेवटपर्यंत नाव घेत होती." मानसू त्याच आवाजात पुढे वाचत गेला, यंदा भात बरा आला, कोंबड्या अकरा झाल्या. शेवटची ओळ वाचून त्याने पत्र घडी करून फानसोकच्या हातात दिलं, दिवा उचलला आणि खाणीतल्या पाळीला गेला.

फानसोक त्याच्या मागे धावला. त्या दिवशीच्या ढकलगाड्या दोघांनी मिळून ढकलल्या.